पात्र, अपात्र आणि 'कारण समजू शकले नाही'

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही दैनिकाचे तालुका पान उघडले, तर महिन्यातून कितीतरी वेळा एक वाक्य वाचायला मिळते: 'आत्महत्येचे कारण समजू शकले नाही.' त्याच्या आधी नाव, वय आणि गाव असते. त्याच्यानंतर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाल्याचे सांगितलेले असते, आणि बातमी तिथेच संपते. चोपडा तालुक्यात ३१ वर्षे शिक्षकी केल्यामुळे यातली काही नावे माझ्या हजेरीपटावरची निघाली आहेत, आणि अशा प्रत्येक वेळी मला वाटत आले की कारण समजले नाही यापेक्षा ते कुणी विचारायला गेलेच नाही, हे अधिक खरे आहे. पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले, नातेवाइकांचे जबाब झाले. मात्र हा माणूस शेवटच्या दोन महिन्यांत कुणाकुणाला भेटला, काय बोलला, कुठल्या दारातून परत फिरला, हे विचारण्याचे काम आपण कोणत्याही खात्याला दिलेले नाही.

त्याऐवजी आपण एक चित्र तयार करून ठेवले आहे. आत्महत्या म्हटले की डोळ्यांपुढे शेतकरी येतो, शेतकरी म्हटले की विदर्भ आणि मराठवाडा येतात, आणि कारण म्हटले की बँकेचे थकलेले कर्ज. हे चित्र खोटे नाही. त्यामागे हजारो घरांचे दुःख आहे आणि ते देशापुढे आणणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आत्महत्या रोखण्याची आपली सगळी व्यवस्था या एकाच चित्राभोवती बांधली गेली आणि त्यामुळे चित्राबाहेरची माणसे मरताना आपल्याला दिसेनाशी झाली. या देशात समाज अनेक आहेत आणि प्रत्येकाची कड्यापर्यंत जाणारी वाट वेगळी आहे. त्या वाटेवर त्याला हाताला धरून मागे ओढू शकणारा माणूसही प्रत्येक समाजात वेगळा आहे. तो माणूस कोण, हे ओळखल्याशिवाय प्रतिबंधाचा कोणताही कार्यक्रम फलकांच्या पुढे जाणार नाही.

खान्देश या चित्राच्या अगदी कडेला उभा आहे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. त्यांत बुलढाणा होता, आणि त्याला लागून असलेला, तोच कापूस त्याच काळ्या मातीत पिकवणारा जळगाव नव्हता. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला, तोही विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांपुरता. मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापूरला ज्या शेतकऱ्याच्या दारात आशाताई काही प्रश्न घेऊन जाते, त्याच्या अलीकडच्या सोयऱ्याच्या दारात ती त्या कामासाठी जात नाही. माणसाच्या मनावरचा ताण महसुली विभागाची हद्द पाहून थांबत नाही, हे कळण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

पण हद्दीपेक्षाही मोठी अडचण व्याख्येची आहे. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी स्वतःच्या किंवा कुटुंबातील कुणाच्या नावावर शेतजमीन लागते, आणि कर्ज हे राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे आणि थकलेले असावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रत्येक प्रकरण तपासते आणि त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. सरकारी पैसा वाटायचा तर निकष लागणारच, हे मलाही मान्य आहे. तरीही एका माणसाच्या मरणाबद्दल राज्याने विचारलेला सर्वांत तपशीलवार प्रश्न हाच असावा, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या भागात सालदार हा शब्द अजून जिवंत आहे. वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा हा माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरतो, उचल घेतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्या उचलीला बांधलेला असतो. असाच एक सालदार मालकाचे काम सांभाळून दोन एकर वावर बटाईने करीत होता. एका ऑक्टोबरात कपाशीची बोंडे पावसात सडली आणि त्यानंतर दीड महिन्यात तो गेला. त्याची बायको अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली होती, कारण गावात अर्ज लिहून देणे हेही शिक्षकाचेच काम समजले जाते. ओटीच्या पदरात तिने आधार कार्ड, शिधापत्रिका आणि खताच्या दुकानाच्या दोन पावत्या बांधून आणल्या होत्या. बटाईचा कागद नव्हता, तो कधीच नसतो. देणे होते ते मालकाचे, दुकानदाराचे आणि मेव्हण्याचे. काही महिन्यांनी उत्तर आले, 'अपात्र'. ते पत्र मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती अहिराणीत एवढेच म्हणाली, "गुरुजी, जनमभर त्यानी वावर करं, मंग तो शेतकरी कसा नही?" मला उत्तर देता आले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात एका वेगळ्या रीतीने सापडते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांत सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या होत्या. शेतीशी संबंधित ११,२९० जणांपैकी स्वतःची किंवा खंडाची शेती करणारे ५,२०७ होते आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे शेतात मरणाऱ्यांतही मजुरांची संख्या मालकांपेक्षा जास्त आहे, आणि मजुराच्या घरी ते एक लाख रुपये जात नाहीत. एकूण आत्महत्यांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून जास्त, रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या आहेत. आणि 'गृहिणी' या रकान्यात २५,३०९ स्त्रिया आहेत. शेतकरी आणि शेतमजूर एकत्र केले तरी त्यांच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. तरीही गृहिणींच्या आत्महत्या या विषयावर विधिमंडळात सभात्याग झाल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

हे आकडेसुद्धा पोलिसांपर्यंत पोचलेल्या मृत्यूंचे आहेत. २०१० साली पोलिसांकडे १,३४,५९९ आत्महत्यांची नोंद होती, तर घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाने त्या वर्षासाठी सुमारे १,८७,००० हा अंदाज २०१२मध्ये प्रसिद्ध केला. मधला फरक हा घरांनी गिळलेल्या मृत्यूंचा आहे. मयताच्या घरी दारावर बसायला गेले की हे मौन ऐकू येते. पाण्याचा तांब्या फिरतो, कुणीतरी 'अटॅक आला' म्हणतो, बाकीचे मान हलवतात आणि सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या विधीपर्यंत तोच शब्द पक्का होतो. त्यात लबाडी नसते. घरात लग्नाची मुलगी असते, पोलिसांची धास्ती असते, लोक काय म्हणतील ही भीती असते. मुस्लिम घरात जनाजाच्या वेळी कुणी काही बोलेल का, ही आणखी एक काळजी त्यात मिसळते. धर्म कोणताही असो, लाज सगळ्यांच्या उंबऱ्यावर सारखीच बसलेली आहे.

या मौनाची खान्देशाला जुनी सवय आहे, असे मला वाटते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी मुलांना आईच्या मायेने वाढवले, आणि ११ जून १९५० रोजी वयाच्या पन्नाशीत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. दरवर्षी जूनमध्ये आम्ही शाळेत त्यांची तसबीर लावत असू, भाषणे होत असत, आणि प्रत्येक वक्ता त्या दिवसापाशी आला की 'गुरुजींनी देह ठेवला' असे म्हणून पुढे सरकत असे. मीही तसाच सरकलो आहे. त्यांच्या मरणात काही थोर होते असे मला म्हणायचे नाही. इतक्या प्रेमळ आणि इतक्या लोकांना प्रिय असलेल्या माणसालाही असह्य दुःखाने गाठले होते आणि त्यांच्याभोवतीच्या माणसांना ते वेळेवर थांबवता आले नाही, एवढे साधे सत्य समोर बसलेल्या मुलांना सांगायला हवे होते. त्या मुलांत कुणी एखादा स्वतःच्या मनातला अंधार लपवून बसलेला असेल, तर त्याला बोलायला तेवढे वाक्य पुरले असते.

स्त्रियांच्या बाबतीत खान्देशाकडे एक अशी गोष्ट आहे जी कोणत्याही आरोग्य योजनेत नाही, आणि ती म्हणजे आखाजी. वैशाखात अक्षय तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, मुराळी जाऊन त्यांना घेऊन येतो, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ज्याला हा नुसता सण वाटतो त्याने एकदा त्या चार दिवसांत आया कशा पाहतात ते पाहावे. लेक किती जेवली, हाताच्या बांगड्या ढिल्या झाल्या का, परत जायचा दिवस जवळ आला की बोलणे कमी होते का, हे आई न विचारता टिपत असते. जुन्या समाजाने ही तपासणी वर्षातून एकदा लावून दिली होती. अडचण पुढे येते. आईला कळते, पण कळल्यावर तिने काय करायचे हे तिला कुणी शिकवलेले नाही, आणि 'दिल्या घरी सुखी राहा' याशिवाय दुसरे वाक्य तिच्या तोंडी समाजाने ठेवलेले नाही.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला, तर त्याची खास चौकशी व्हावी अशी तरतूद कायद्यात आहे. ती हुंड्याच्या छळासाठी आहे आणि आवश्यकच आहे. पण ती मेल्यानंतर सुरू होते, आणि छळ सिद्ध झाला नाही की प्रकरण 'घरगुती वाद' या दोन शब्दांत मिटते. लहान वयातले लग्न, लागोपाठची बाळंतपणे, दारू पिऊन येणारा नवरा, बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने टिकणारी उदासी आणि अलीकडे दर आठवड्याला दारात उभा राहणारा फायनान्सचा हप्ता, हे सगळे त्या दोन शब्दांत कोंबले जाते. २०१६ साली जगातल्या स्त्रियांच्या एकूण आत्महत्यांपैकी सुमारे ३७ टक्के एकट्या भारतातल्या होत्या, असे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. जगातल्या स्त्रियांत आपल्या स्त्रियांचा वाटा साधारण अठरा टक्के, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे वजन कळते. बाळंतिणीच्या घरी जाणारी आशाताई बाळाचे वजन घेते, लसीचे कार्ड पाहते. त्याच भेटीत तिने आईला 'झोप लागते का, जीव घाबरतो का, जगणे नकोसे वाटते का' असे शांतपणे विचारावे, यासाठी नवी इमारत लागत नाही. तिला प्रशिक्षण, थोडे जास्त मानधन आणि ज्याच्याकडे पाठवायचे असा एक डॉक्टर लागेल. 'असे विचारल्याने मनात नसलेला विचार येईल' ही भीती बहुतेकांना वाटते, पण ती खरी नाही. विचारल्याने ओझे हलके होते, हेच जगभरचा अनुभव सांगतो.

सातपुड्यात शिरले की वाट पुन्हा बदलते. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. धडगाव-अक्कलकुव्याचे भिल्ल आणि पावरा, शिरपूर-चोपड्याच्या डोंगरकडेचे पावरा आणि बारेला, यावल-रावेरचे तडवी हे सगळे आपल्याला एका रकान्यातले 'आदिवासी' वाटतात. त्यांच्यात आपापसांत भाषेचा, रीतीचा, अगदी दुःख सांगण्याच्या पद्धतीचाही फरक आहे. दिवाळी झाली की अनेक पाड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात, बाकीचे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, म्हणजे माणूस म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचे. तिथल्या फडावर कुणी जिवाचे बरेवाईट केले, तर नोंद तिथल्या पोलीस ठाण्यात होते आणि नंदुरबारच्या कागदावर ते मरण उमटत नाही. गावी राहिलेल्याची वनजमीन असते, पण वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर ती सातबाऱ्यावर नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही, म्हणून तो कधी 'पात्र' होण्याचा प्रश्नच नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवले गेले, तर पूर्ण पाडा तिच्याशी बोलणे सोडतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे, पण तो मारहाण झाल्यावर उपयोगी पडतो. बोलणे तुटलेल्या बाईच्या एकटेपणावर त्यात कलम नाही.

या माणसांना आपण जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार कक्षात या, असे सांगतो. तोरणमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून नंदुरबार गाठायला पूर्ण दिवसाची मजुरी जाते, आणि तिथे पोचल्यावर जे विचारले जाते ते त्याच्या भाषेत नसते. मराठीतले 'नैराश्य' अहिराणी माणसालाही परके आहे. तो म्हणतो, 'जीव लागत नही', 'काही गोड लागत नही'. ज्या डॉक्टराला हे शब्द ओळखता येत नाहीत तो त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवतो. पाड्यावरचा माणूस पहिल्यांदा भगताकडे जातो, तो जातच राहणार. त्या भगताशी भांडून आरोग्य खात्याला काही मिळालेले नाही. शेजारच्या गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुवा' या नावाने मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले आणि दर्ग्यावर आलेले रुग्ण औषधापर्यंत पोचू लागले. भगताला हिणवण्यापेक्षा त्याला चार खुणा शिकवून 'असा माणूस आला तर या ताईंना बोलवा' असे सांगणे सातपुड्यात जास्त कामाचे ठरेल. मी अंधश्रद्धेचा पुरस्कार करीत नाही. माणूस ज्या दारात प्रथम जातो ते दार आपण मोकळे सोडू नये, एवढेच म्हणतो.

विद्यार्थ्यांबद्दल अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, म्हणून इथे थोडक्यात. २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. दहावी-बारावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात शिक्षकाने नापास मुलाच्या घरी जाऊन यावे, हा नियम मी स्वतःपुरता पाळला. २०१५पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैतच घेण्याची सोय झाली, वर्ष वाया जाण्याची धास्ती कमी झाली, आणि त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा फरक मी पाहिला आहे. वेळापत्रकातला एक बदल कधीकधी शंभर व्याख्यानांपेक्षा मोठा आधार असतो.

इथे एक जोरकस आक्षेप येतो, आणि तो घेणारे लोक माझ्या जवळचे आहेत. ते म्हणतात, आम्हाला समुपदेशन नको, कापसाला भाव द्या. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या खाली माल उचलत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. रावेर-यावलमध्ये मे-जूनच्या वादळाने एका दुपारी केळीचा घडांनी लदलेला बाग आडवा होतो, तेव्हा त्या शेतकऱ्याला 'सकारात्मक विचार करा' सांगणे हा अपमान आहे. भाव, विमा, बिनपरवाना सावकारीला आळा हेही आत्महत्या प्रतिबंधाचेच उपाय आहेत आणि ते समुपदेशनाच्या आड लपवता कामा नयेत. पण त्याच वादळात बाग गेलेल्या शंभरांपैकी नव्याण्णव जण जगतात, आणि जो जगत नाही त्याच्याजवळ त्या आठवड्यात काय नव्हते, हा प्रश्न भावाने सुटत नाही. आत्महत्येला एकच एक कारण कधी नसते. दोन्ही बाजू धरल्या तरच माणूस हाताला लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले गेले, आणि दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तिथला कापसाचा भाव खान्देशापेक्षा काही जास्त नव्हता.

सगळ्या समाजांना समान लागू पडणारा एक उपाय मात्र आहे, आणि तो सरकारच्या हाती आहे. आपल्याकडे फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतात. धान्याच्या पोत्याशेजारी, लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी ते ठेवलेले असते. जीव नकोसा होण्याचा तो टोकाचा क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी हाताशी घातक वस्तू नसेल, तर पुष्कळ माणसे त्यातून बाहेर येतात आणि पुढे वर्षानुवर्षे जगतात. श्रीलंकेत १९९५ साली लाखामागे सुमारे ४७ हा आत्महत्यांचा दर होता. त्या वर्षापासून त्यांनी सर्वांत विषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या दोन दशकांत दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, तोही शेतीचे उत्पन्न न घटता. त्याच देशात १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने फरक पडला नाही, असे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे शेतकऱ्याला पेटी देऊन जबाबदारी त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. अतिविषारी द्रव्य दुकानात येताच कामा नये. भारतानेही काही द्रव्यांवर बंदी आणली आहे, पण उरलेला साठा विकून संपवण्याची मुभा देत, सावकाश. या एका बाबतीत कृषी खाते आरोग्य खात्यापेक्षा जास्त जीव वाचवू शकते.

मग जो प्रयत्न करून वाचला त्याचे काय? त्याला पुन्हा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमका त्यालाच आपण सलाइन संपली की घरी पाठवतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम आता नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच शिक्षा उरली आहे. पण गावात अजून 'केस होईल' या भीतीने माणूस उशिरा दवाखान्यात नेला जातो. एका रात्री मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला घेऊन एका खासगी दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा 'पोलिसांचे लफडे आहे, सिव्हिलला न्या' असे सांगून आम्हाला दारातून परत पाठवण्यात आले. तो वाचला. सिव्हिलमधून चौथ्या दिवशी सुटी मिळाली, त्या कागदावर पोटाच्या औषधांची नावे होती आणि मनाबद्दल एक अक्षरही नव्हते. चेन्नईसह जगातल्या पाच ठिकाणी १,८६७ अशा रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांना सुटीआधी तासभर समजावून सांगितले आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा भेट दिली. त्या गटात आत्महत्येने मृत्यू झालेले ०.२ टक्के होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. एक नर्स, एक फोन आणि एक वही, एवढ्याचे हे काम आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही वही ठेवायला त्यांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू आहे. हे वाचणाऱ्या कुणाचा जीव घाबरत असेल, तर त्याने तो आज लावावा, किंवा आपल्या माणसाला लावायला सांगावे. तो क्रमांक मी रेशन दुकानाच्या भिंतीवर कधी पाहिला नाही. कापूस खरेदी केंद्रावर, बचत गटाच्या बैठकीत, आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात अहिराणी आणि पावरीतून तो सांगितला गेला पाहिजे, आणि पलीकडून त्याच भाषेत उत्तर आले पाहिजे.

नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, २०३०पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवून. कोण मरते हे नीट माहीत नसेल तर ते दहा टक्के कुठून कमी होणार? गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय यांचे तक्ते आहेत, पण जात-जमात आणि भाषा यांचे नाहीत. असे तक्ते केले तर एखाद्या समाजाला कमकुवत मनाचा म्हणून शिक्का बसेल, ही भीती मी समजू शकतो, आणि वर्तमानपत्रांचा सवंगपणा पाहता ती निराधारही नाही. पण आज न मोजल्यामुळे जो शिक्का बसतो, 'यांना असले काही होत नाही', तो मला जास्त घातक वाटतो.

उपाय आपल्याच आरोग्य यंत्रणेत आहे. बाळंतपणात एखादी माता दगावली की 'माता मृत्यू अन्वेषण' होते. आशाताई कळवते, पथक घरी जाते, वाहन किती वाजता मिळाले, कोणत्या दवाखान्याने परत पाठवले, रक्त कधी मागवले हे घरच्यांना विचारले जाते, आणि समितीपुढे प्रश्न ठेवला जातो: हा मृत्यू कुठे टाळता आला असता? कुणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर पुढची बाई वाचावी म्हणून. प्रत्येक आत्महत्येसाठी जिल्ह्यात हेच व्हावे, एवढी माझी मागणी आहे. शेतकरी असो वा सालदार, गृहिणी असो वा ऊसतोड मजूर, सर्वांसाठी. नावे गुप्त राहावीत, पोलिसांच्या तपासाशी त्याचा संबंध नसावा, घरी जाणारी व्यक्ती त्या घरची भाषा बोलणारी असावी, आणि समितीत कृषी खात्याचा माणूस असावा तसा पाड्यावरचाही असावा. जिल्हाधिकारी कार्यालयात आजही समिती बसतेच. फरक तिने काय विचारायचे याचा आहे.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीच्या आईला भेटायला गेलो होतो. लेक लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली, कागदावर 'घरगुती वाद' आहे. बाईंनी चहा केला, नातवाला मांडीवर घेतले आणि बराच वेळ कपाशीच्या वेचणीबद्दल बोलत राहिल्या. मी विचारले, शेवटच्या आखाजीला आली होती का? त्या थांबल्या. "उन्ही व्हती," त्या म्हणाल्या, "पन ती यंदा झोकावर बसनी नही. माले वाटनं, थकी गई व्हई." पोलीस येऊन गेले होते, तहसीलचे लोक येऊन गेले होते, सासरचे आणि माहेरचे पंच दोनदा बसले होते. हे त्यांना याआधी कुणी विचारले होते का, असे मी विचारले. त्यांनी नुसती मान हलवली. लेकीच्या गंधमुक्तीला तेव्हा आठ महिने झाले होते.